३२ + ३२, ४५० व्होल्ट : जुन्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरच्या कंडेन्सरची निवड

व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर दुरुस्तीला गेला की पहिले निदान बहुधा एकच असते : ‘कंडेन्सर गेलेत.’ बहुतेक वेळा ते बरोबरही असते. अडचण त्यानंतर सुरू होते. गेलेल्याच्या जागी नवा कोणता बसवायचा? जुन्या डब्यावर ‘३२ + ३२ एमएफडी, ४५० व्होल्ट’ असे छापलेले असते आणि नेमका तसा डबा आज बाजारात सहसा मिळत नाही. मग दुकानदार सांगतो, ‘मोठा लावा, मोठा केव्हाही चांगला.’

मोठा केव्हाही चांगला नसतो. आणि डब्यावर छापलेला आकडा ही काळ्या दगडावरची रेघही नसते. तो आकडा ज्या कारणांनी ठरला ती कारणे डब्याच्या आत नाहीत, त्याच्या शेजारी आहेत : अलीकडचा रेक्टिफायर व्हॉल्व्ह, त्यामागचा ट्रान्सफॉर्मर, भिंतीतून येणारी वीज आणि भोवतालची उष्णता. या चौघांना विचारल्याशिवाय कंडेन्सर निवडू नये, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. (आजचा शब्द ‘कपॅसिटर’, पाठ्यपुस्तकातला ‘धारित्र’. दुरुस्तीच्या टेबलावर मात्र अजून ‘कंडेन्सर’च म्हणतात, म्हणून इथेही तोच.)

आमच्या गावांतली यंत्रे

अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या पट्ट्यात अशी यंत्रे दोन वाटांनी आली. पहिली वाट घरातली. १९४९ साली ज्या निर्वासितांच्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले, तिथल्या बराकींत हळूहळू संसार उभे राहिले. अंबरनाथला विमकोचा आगपेट्यांचा कारखाना आणि ऑर्डनन्स फॅक्टरी यांमुळे पगारदार माणसे वस्तीला आली. पगारदाराच्या घरात रेडिओ आला, ऐपत असेल तिथे रेडिओग्राम आला. मर्फीचा कारखाना तर जवळच, ठाण्यात होता. दुसरी वाट मांडवातली : लग्ने, गणेशोत्सव, भजने आणि शिवमंदिराची महाशिवरात्रीची यात्रा. कर्ण्यामागे जो लोखंडी पेटीतला ॲम्प्लिफायर असे, तो सत्तरच्या दशकातही अनेक ठिकाणी व्हॉल्व्हचाच होता.

ही यंत्रे आज माळ्यावरून खाली येत आहेत. कोणाला आजोबांच्या तबकड्या ऐकायच्या असतात, कोणाला मंडळाच्या जुन्या वस्तू पुन्हा चालत्या करायच्या असतात. व्हॉल्व्ह अजून मिळतात, रेझिस्टर-कंडेन्सर नवे मिळतात. मिळत नाही तो मूळचा ट्रान्सफॉर्मर. तो जळला तर पुन्हा गुंडाळून घ्यावा लागतो, आणि तसे गुंडाळणारे हात कमी होत चालले आहेत.

तीन वर्षांपूर्वी अंबरनाथ पूर्वेच्या एका भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर माझ्याकडे आला, तो अशाच अवस्थेत. आधी कोणी तरी ३२ एमएफडीच्या जागी २२० एमएफडीचा कंडेन्सर बसवला होता. रेक्टिफायर व्हॉल्व्हमध्ये ठिणगी पडून तो आतून शॉर्ट झाला. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार असल्यामुळे ट्रान्सफॉर्मर वाचला नाही. कंडेन्सर शंभर-दोनशे रुपयांचा होता. या उदाहरणातलेच आकडे मी पुढे हिशेबासाठी वापरतो : ट्रान्सफॉर्मर ३००-०-३०० व्होल्टचा, रेक्टिफायर जीझेड-३४, एकूण प्रवाह सुमारे १२० मिलिअँपिअर, मधे १० हेन्रीचा चोक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ३२-३२ एमएफडी.

टाकी आणि नळ

कंडेन्सरचे काम समजायला आमच्या भागातला पाणीपुरवठा पुरेसा आहे. बदलापूरच्या बॅरेजवरून येणारे पाणी नळाला ठरावीक वेळीच येते, घरात मात्र ते दिवसभर लागते. मधली टाकी हा मेळ घालते. रेक्टिफायरमधून वीजही अशीच तुकड्यातुकड्यांनी येते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. दोन्ही अर्धलहरी वापरल्या की सेकंदाला १०० लोंढे. दोन लोंढ्यांमधले अंतर सेकंदाचा शंभरावा भाग. तेवढ्या वेळात कंडेन्सर स्वतःची साठवण देतो आणि पुढच्या लोंढ्यात पुन्हा भरतो. साठवण अपुरी पडली की उरलेला चढउतार कर्ण्यातून ऐकू येतो. तीच ती घरघर, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत ‘हमिंग’.

चढउताराचा अंदाज सोपा आहे : प्रवाह गुणिले वेळ, भागिले साठवण. १२० मिलिअँपिअर आणि ३२ एमएफडी धरले तर पहिल्या कंडेन्सरवर सुमारे ३७ व्होल्टचा चढउतार येतो. ४७ एमएफडीला २५, तर २२० एमएफडीला साडेपाच. प्रत्यक्षात तो याहून थोडा कमीच असतो. हे आकडे पाहून मोठ्या टाकीचा मोह होणे साहजिक आहे.

पण टाकी मोठी असली की तिची पातळी फारशी खाली जात नाही. पातळी खाली गेली तरच नळ तिच्यात पाणी ओततो. म्हणून मोठ्या टाकीला नळ अगदी थोडा वेळ उघडतो आणि तेवढ्या थोड्या वेळात सगळे पाणी जोराने आत ढकलावे लागते. विजेच्या भाषेत, सरासरी प्रवाह तोच राहतो, पण लोंढ्याचे टोक उंच होते. ते टोक रेक्टिफायरच्या कॅथोडला सोसावे लागते आणि ट्रान्सफॉर्मरची तार त्याने जास्त तापते. सुरू करतानाचा पहिला लोंढा तर सगळ्यांत मोठा, कारण तेव्हा टाकी पूर्ण रिकामी असते.

म्हणूनच व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांनी मर्यादा छापून ठेवल्या. जीझेड-३४ च्या माहितीपत्रकात पहिल्या कंडेन्सरची कमाल मर्यादा ६० एमएफडी आहे. ईझेड-८१ साठी ती ५०. इंग्लंडच्या मलार्ड कंपनीने १९५० च्या दशकात ‘५-१०’ नावाचा आराखडा हौशी लोकांसाठी प्रसिद्ध केला होता. पाच व्हॉल्व्ह, दहा वॅट, म्हणून ते नाव. अशा आराखड्यांत रेक्टिफायरलगतचा कंडेन्सर बेताचा ठेवलेला दिसतो, तो कंजूषपणामुळे नव्हे.

वाढवायचेच तर कुठे?

चोकच्या पलीकडे. चोक म्हणजे लोखंडी गाभ्यावरची तारेची गुंडाळी. ती प्रवाहातला अचानक बदल अडवते. १० हेन्रीचा चोक आणि त्यापुढचा ३२ एमएफडीचा कंडेन्सर मिळून १०० आवर्तनांचा चढउतार साधारण सव्वाशे पटींनी कमी करतात. पहिल्या कंडेन्सरवरचे ३७ व्होल्ट पुढे ०.३ व्होल्ट उरतात. हा दुसरा कंडेन्सर १०० एमएफडीचा केला तर ते ०.१ व्होल्टच्या आसपास येतात, आणि रेक्टिफायरला त्याची जवळजवळ झळ लागत नाही, कारण मधे चोक उभा आहे.

तेव्हा या उदाहरणात माझी निवड अशी होती : पहिला कंडेन्सर ३३ किंवा ४७ एमएफडी, दुसरा ४७ ते १००. ३२ आणि ५० हे जुन्या काळचे ठोकताळे. त्यांच्या जागी आजचे प्रमाणित ३३ आणि ४७ बिनदिक्कत चालतात. जुन्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरची प्रत्यक्ष साठवण छापील आकड्यापेक्षा वीस टक्के कमी किंवा पन्नास टक्के जास्त असली तरी ती मान्य धरली जाई. १६ च्या जागी २२ बसवल्याने मूळ रचनेचा भंग होत नाही. मात्र पुढच्या लहान व्हॉल्व्हना वीज देणाऱ्या टप्प्यांतले कंडेन्सर भरमसाट बदलू नयेत. टप्प्यांचे परस्पर प्रमाण बिघडले तर काही यंत्रे मोटारबोटीसारखी ‘फट् फट्’ करू लागतात.

व्होल्ट : सकाळची वीज आणि रात्रीची वीज

ट्रान्सफॉर्मरवर ३०० लिहिले असले तरी कंडेन्सर भरतो तो लहरीच्या शिखरापर्यंत, म्हणजे ३०० गुणिले १.४१४ : ४२४ व्होल्ट. ४५० च्या कंडेन्सरला एवढे चालावे असे वाटते. पण हा हिशेब भिंतीत बरोबर २३० व्होल्ट असतील तेव्हाचा. कारखाने बंद झाल्यावर, रात्री उशिरा, माझ्या घरचा मीटर २४५ दाखवतो. दहा टक्क्यांची वाढ धरली तर २५३ व्होल्ट, आणि शिखर ४६७ वर जाते. यंत्र कामात असताना प्रवाहाच्या ओढीने ते खाली येते. पण आउटपुट व्हॉल्व्ह काढून ठेवले असतील किंवा अजून तापले नसतील, तर ओढच नसते.

जीझेड-३४ चा कॅथोड सावकाश तापतो, त्यामुळे तोपर्यंत बाकीचे व्हॉल्व्हही जागे होत आलेले असतात. ५यू४ सारखा व्हॉल्व्ह मात्र दोन-चार सेकंदांत वीज देऊ लागतो. आणि रेक्टिफायर काढून त्या जागी सिलिकॉन डायोड बसवले असतील, तर पूर्ण ४६७ व्होल्ट त्याच क्षणी कंडेन्सरवर येतात. म्हणून इथे ५०० व्होल्टचा कंडेन्सर हवा, ४५० चा नको. यंत्रामागे व्होल्टेज निवडण्याची पट्टी असेल तर ती २२० वर नाही ना, हे आधी पाहावे. ती योग्य जागी सरकवायला एक पैसाही लागत नाही.

५०० चा मिळाला नाही तर दोन कंडेन्सर एकामागे एक जोडण्याची जुनी युक्ती आहे. १०० एमएफडी, ३५० व्होल्टचे दोन असे जोडले की ५० एमएफडी, ७०० व्होल्ट मिळतात. पण दोघांत व्होल्टेजची वाटणी समान व्हायला प्रत्येकावर २२० किलोओहमचा, एक वॅटचा रेझिस्टर समांतर जोडायलाच हवा. हेच रेझिस्टर यंत्र बंद केल्यावर साठलेली वीज रिकामी करण्याचेही काम करतात.

उष्णता आणि आयुष्य

इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरची कल्पना जुनी आहे. पोलिश संशोधक कारोल पोलाक याने १८९६ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. ॲल्युमिनिअमच्या पातळ पत्र्यावर विजेच्या साह्याने ऑक्साइडचा सूक्ष्म थर तयार होतो. तो थर विजेला अडवतो, आणि त्याला लागून असलेल्या ओलसर द्रावणामुळे थराची डागडुजी होत राहते. वापर थांबला की डागडुजी थांबते, थर कमजोर होतो. वर्षानुवर्षे उष्णतेने द्रावण सुकत जाते. म्हणून तीस वर्षे माळ्यावर राहिलेले यंत्र एकदम चालू करणे धोक्याचे. असा जुना कंडेन्सर मोठ्या रेझिस्टरमधून हळूहळू व्होल्ट चढवून काही वेळा सावरता येतो. संग्रहातल्या, क्वचित चालणाऱ्या यंत्राला ते ठीक. रोज चालवायच्या यंत्रात मी त्याच्यावर भरवसा ठेवत नाही.

हेच कारण ‘न वापरलेला जुना माल’ घेऊ नये याचेही. लॅमिंग्टन रोडवर किंवा चोरबाजारात चाळीस वर्षांपूर्वीचा, खोक्यातला, चकचकीत कंडेन्सर दिसतो. व्हॉल्व्हच्या बाबतीत असा माल म्हणजे घबाड. कंडेन्सरच्या बाबतीत तो फक्त म्हातारा असतो. तेव्हा अंगावरचा उत्पादनाचा आठवडा-वर्षाचा आकडा वाचावा, आणि पायांवर जुन्या सोल्डरची खूण आहे का, हे भिंगाने पाहावे.

नव्या कंडेन्सरवर ८५ किंवा १०५ अंश असे तापमान छापलेले असते. माहितीपत्रकात त्या तापमानाला, समजा, २,००० तास आयुष्य दिलेले असते. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते. व्हॉल्व्हच्या शेजारी, पेटीच्या आत ६५ अंश धरले तर ८५ चा कंडेन्सर ८,००० तास, आणि १०५ चा ३२,००० तास. रोज तीन तास ऐकले तर पहिला सुमारे सात वर्षे, दुसरा एकोणतीस. हा कागदावरचा हिशेब आहे. पण दोघांच्या किमतीतला फरक पाहिला तर निवड अवघड राहत नाही.

आणखी एक आकडा अनेक जण वाचतच नाहीत : तरंग-प्रवाह, म्हणजे भरण्या-रिकामे होण्यात कंडेन्सरमधून जो प्रवाह ये-जा करतो तो. पहिल्या कंडेन्सरमध्ये तो सरासरी प्रवाहाच्या दीडपट ते दुप्पट असतो. आपल्या उदाहरणात १८० ते २४० मिलिअँपिअर. म्हणून निदान ३०० ची क्षमता असलेला घ्यावा, आणि ती क्षमता माहितीपत्रकातल्या १०० किंवा १२० आवर्तनांच्या रकान्यात वाचावी. १०० किलोहर्ट्झच्या रकान्यातला आकडा मोठा असतो, पण तो संगणकाच्या पॉवर सप्लायसाठी. आपल्या कामाचा नाही.

जोडताना

जुना डबा बहुधा पेटीच्या वर उभा असतो आणि तोच यंत्राचा चेहरा असतो. तो उपटून टाकू नये. त्याच्या तारा सोडवून नवे कंडेन्सर पेटीच्या खाली, वेगळ्या टॅगपट्टीवर बसवावेत. जुना डबा सर्किटबाहेर, पण जागेवर राहू द्यावा. जुन्या डब्याशी नवा समांतर जोडण्याची पद्धत मात्र टाळावी. गळका कंडेन्सर तसाच गळत राहतो.

डब्याचे धातूचे अंग म्हणजे ऋण टोक आणि ते पेटीला जोडलेले, असे गृहीत धरू नये. काही यंत्रांत डब्याखाली पुठ्ठ्याची चकती असते. तिथे ऋण टोक मुद्दाम पेटीपासून वेगळे ठेवलेले असते, कारण त्या वाटेतल्या रेझिस्टरवर आउटपुट व्हॉल्व्हचा बायस तयार होतो. नवा कंडेन्सर सरळ पेटीला जोडला तर बायस बिघडून आउटपुट व्हॉल्व्ह लाल होतात. आणि जे रेडिओ एसी-डीसी दोन्हींवर चालायचे, त्यांना मेन्स ट्रान्सफॉर्मरच नसतो. त्यांची पेटीच जिवंत असू शकते. अशा यंत्राला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय हात लावू नये.

मेन्सच्या तारेपासून पेटीपर्यंत एक लहान कागदी कंडेन्सर अनेक यंत्रांत सापडतो. तो शॉर्ट झाला की पेटी आणि तिला जोडलेला मायक्रोफोन २३० व्होल्टवर जातो. भजनात माइक हातात असतो, पाय अनवाणी आणि पावसाळ्यात जमीन ओली. तो काढून टाकावा, किंवा त्या जागी फक्त ‘वाय-२’ वर्गाचा सुरक्षा कंडेन्सर बसवावा आणि तीन पिनांची तार घालून पेटीला अर्थिंग द्यावे. मेन्सच्या दोन तारांमधल्या कंडेन्सरसाठी ‘एक्स-२’ वर्ग. इथे दुसरा कोणताही प्रकार चालत नाही.

काम करण्याआधी साठलेली वीज उतरवणे हा शिष्टाचार नाही, जिवाचा प्रश्न आहे. ५० एमएफडीच्या कंडेन्सरमध्ये ४५० व्होल्टला सुमारे पाच ज्यूल ऊर्जा असते. प्लग काढल्यानंतरही ती तिथेच असते. २२० किलोओहमच्या रेझिस्टरमधून ती उतरायला जवळजवळ एक मिनिट लागते. आधी मीटर लावून शून्य पाहावे, मगच हात घालावा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडण्याची सवय कंडेन्सरलाही वाईट आणि डोळ्यांनाही.

पहिल्यांदा चालू करताना मेकॅनिकचा जुना सिरीज बल्ब वापरावा : मेन्सच्या एका तारेत १०० वॅटचा, तारेचा बल्ब. एलईडी नव्हे. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्खच राहिला तर कुठे तरी शॉर्ट आहे. बंद करून शोधावे. फ्यूज मूळ मापाचाच घालावा. वरच्या मंडळाच्या यंत्राचा ट्रान्सफॉर्मर योग्य मापाच्या फ्यूजने वाचला असता.

काय जपायचे

हल्ली परदेशी कंडेन्सरच्या नावांभोवती आवाजाच्या गोडव्याच्या कथा आहेत. पॉवर सप्लायच्या बाबतीत मला त्यात फारसे तथ्य दिसत नाही. साठवण, व्होल्ट, तापमान आणि तरंग-प्रवाह हे चार आकडे बरोबर असतील तर कोणत्याही खात्रीच्या कंपनीचा कंडेन्सर आपले काम करतो. जपण्याची गोष्ट वेगळी आहे.

आमच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे, आणि शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळाशी तो जोडला जातो. ही माहिती आपल्याला आहे, कारण कोणी तरी ती कोरून ठेवली. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद झाली, तिच्यात सांगितले आहे की नव्याने बसवलेला भाग मूळ रचनेशी जुळावा, पण नवा म्हणून ओळखूही यावा. लोखंडी पेटीतल्या ॲम्प्लिफायरला हा नियम लागू करायला कोणाची परवानगी लागत नाही.

म्हणून दुरुस्ती झाली की पेटीच्या आत एक चिठ्ठी चिकटवावी. तारीख, कोणता कंडेन्सर काढला, कोणता घातला, रेक्टिफायर कोणता, त्या दिवशी भिंतीत किती व्होल्ट होते आणि पहिल्या कंडेन्सरवर किती मोजले, एवढे पेन्सिलने लिहावे, शाई उडते. मंडळाच्या त्या ॲम्प्लिफायरमध्ये अशी चिठ्ठी असती तर २२० कुठून आला आणि त्याआधी काय होते, हे कळायला मला तुटलेल्या तारांचे माग काढावे लागले नसते. वीस वर्षांनी ती पेटी पुन्हा कोणी तरी उघडणार आहे, आणि त्याच्याकडे तोपर्यंत विचारायला माणूस नसेल.